न संपणारें पान

वर्तमानपत्राला शेवटचें पान असतें. तें वाचून झालें कीं वाचक पत्राची घडी घालतो आणि आपल्या कामाला लागतो. टपालवाला दिवसांतून एकदां येऊन जातो. तो गेल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत पत्राची वाट पाहण्याचें कारण उरत नाहीं. गांवच्या पारावर बसलेली मंडळी गप्पांत कितीहि रंगलेली असली तरी दिवेलागण झाली कीं उठते. नभोवाणीवरचें भाषणसुद्धां ठरलेल्या मिनिटाला संपतें, आणि वक्त्याला अजून पुष्कळ सांगावयाचें असलें तरी निरोप घ्यावाच लागतो. या सर्व गोष्टींना शेवट आहे, आणि त्या शेवटांत मनाची मोठी सोय आहे. मन त्या ठिकाणीं थांबतें, ऐकलेलें-वाचलेलें मुरूं देतें आणि मग दुसरीकडे वळतें.

ज्यांना हल्लीं समाजमाध्यमें म्हणतात तीं फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, व्हॉट्सॲप इत्यादि साधनें मात्र या बाबतींत निराळीं आहेत. त्यांचें पान संपत नाहीं. अंगठा वर सरकवीत जावें तसतसा खालून नवा मजकूर, नवें चित्र, नवी चित्रफीत येतच राहते. रात्रीं अकरा वाजतां, पांच मिनिटें पाहूं म्हणून, अंथरुणांत मोबाईल हातीं घेणाऱ्या माणसाला साडेबारा कधीं वाजले तें कळत नाहीं. आणि त्या दीड तासांत काय पाहिलें असें विचारल्यास त्याला सांगतां येत नाहीं. अशा माणसाला आळशी किंवा दुबळा ठरवून मोकळें होणें सोपें आहे, पण तें न्यायाचें नाहीं. सुशिक्षित, कर्तबगार आणि एरव्हीं नियमानें वागणारीं माणसेंहि यांत सांपडतात. ज्या साधनाला स्वतःचा शेवट नाहीं, त्याला शेवट घालून देण्याचें काम वापरणाऱ्यावर येऊन पडतें, आणि हें काम पुष्कळांना कोणी शिकविलेलेंच नसतें. समाजमाध्यमें वापरूनहि मनाचें स्वास्थ्य राखावयाचें म्हणजे मुख्यतः हें एक काम शिकावयाचें, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या साधनांनीं माणसाचें पुष्कळ हित केलें आहे. परदेशीं गेलेल्या मुलाचा चेहरा आईला घरबसल्या दिसतो. ऑगस्ट २०१९ मध्यें कोल्हापूर-सांगलीकडे महापूर आला तेव्हां मदतीचे निरोप याच साधनांवरून हिंडले. मार्च २०२० मध्यें करोनाच्या सांथीमुळें टाळेबंदी झाली तेव्हां एकट्यानें राहणाऱ्या कित्येक वृद्धांना बाहेरच्या जगाकडे उघडणारी हीच एक खिडकी उरली होती. तेव्हां ही खिडकी भिंत घालून बुजवावी असें कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. पण खिडकीला दार असावें, आणि तें लावतां-उघडतां यावें, असें मात्र कोणीहि म्हणेल.

हें न संपणें आपोआप घडलेलें नाहीं. पूर्वीं संगणकावर एक पान वाचून झालें कीं तळाशीं पुढील पानाची खूण असे. ती दाबावयाची कीं नाहीं, एवढा विचार करण्यापुरती तरी उसंत वाचकास मिळे. २००६ सालीं आझा रास्किन या अमेरिकन आरेखकानें ती खूणच काढून टाकण्याची युक्ति बसविली. मग वाचक तळाशीं पोंचण्यापूर्वींच पुढचा मजकूर येऊन उभा राहूं लागला. वाचकाची सोय व्हावी हाच त्याचा उद्देश होता. परंतु या युक्तीनें लोकांचा किती वेळ खाल्ला हें पाहून पुढें त्यानें स्वतःच तिजबद्दल जाहीरपणें खेद व्यक्त केला. ९ फेब्रुवारी २००९ रोजीं फेसबुकनें पसंती दर्शविण्याचें, म्हणजे 'लाइक'चें बटण आणलें, आणि दुसऱ्याच्या पसंतीची मोजदाद सुरू झाली. सप्टेंबर २०१६ पासून भारतांत इंटरनेट अतिशय स्वस्त झालें, तेव्हां जी गोष्ट थोड्यांच्या हातीं होती ती घरोघरीं गेली.

मन तेथें इतकें कां अडकतें, हें समजण्यास कबुतरांचा एक प्रयोग उपयोगी पडेल. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें कबुतरांना बटणावर चोंच मारून दाणा मिळविण्यास शिकविलें. ठराविक वेळां चोंच मारली कीं दाणा मिळतो असा नियम असला म्हणजे कबुतर दाणा टिपून क्षणभर विसावा घेई. परंतु कोणत्या वेळीं दाणा मिळेल याचा कांहींच नेम ठेवला नाहीं, तर तें विसांवल्याशिवाय चोंच मारीत राही. आणि पुढें दाणा अजिबात बंद केला तरी पुष्कळ वेळ थांबत नसे. मोबाईल उघडणाऱ्याची स्थिति याहून फारशी निराळी नाहीं. नऊ वेळां पाहावें तों कांहींच विशेष नसतें. दहाव्या वेळीं एखाद्या जुन्या मित्राचा निरोप असतो, किंवा आपल्या छायाचित्राला चाळीस जणांनीं पसंती दिलेली असते. त्या दहाव्या वेळेसाठीं मन नऊ वेळां तेथें जातें. या साधनांच्या कंपन्यांचें उत्पन्न मुख्यतः जाहिरातींवर चालतें, आणि माणूस जितका अधिक वेळ तेथें राहील तितक्या अधिक जाहिराती त्याला दाखवितां येतात. म्हणजे सेवा फुकट मिळते असें गिऱ्हाइकाला वाटतें खरें, पण तेथला विक्रीचा माल त्याचाच वेळ असतो.

या वेळाबरोबर मनाचें आणखी काय जातें? तीन गोष्टी विशेषेंकरून सांगण्यासारख्या आहेत. पहिली तुलना, दुसरी प्रतीक्षा आणि तिसरें भय.

तुलना हा मनुष्याचा जुना स्वभाव आहे. आपण कसे आहों हें माणूस दुसऱ्याकडे पाहून ठरवितो, असा सिद्धांत लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानें १९५४ सालीं मांडला. पण त्याच्याहि कितीतरी आधीं तो प्रत्येक वाड्यांत आणि चाळींत अनुभवास येत होता. तथापि चाळींतल्या तुलनेला एक लगाम असे. शेजारणीची नवी पैठणी जशी दिसे, तसा भिंतीपलीकडचा खोकलाहि ऐकूं येई. शेजाऱ्याच्या मुलाला मोठी नोकरी लागल्याचें कळे, तसेंच त्याच घरीं महिनाअखेरीस उसनी साखर मागावी लागते हेंहि कळे. सुख आणि दुःख दोन्ही एकाच जिन्यानें चढत-उतरत असल्यामुळें हेव्याला फार वाढ मिळत नसे. समाजमाध्यमावर पैठणी तेवढी दिसते. खोकला ऐकूं येत नाहीं. शंभर घरांतील शंभर उत्तम क्षण एकामागून एक पाहणारा मनुष्य त्यांची तुलना स्वतःच्या साऱ्या दिवसाशीं करतो आणि खिन्न होतो. वाढत्या वयांतील मुलामुलींच्या बाबतींत ही तुलना स्वतःच्या शरीरापर्यंत जाते. २०२१ सालीं इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीचे कांहीं अंतर्गत कागद उघडकीस आले. आपल्या शरीराविषयीं वाईट वाटत असतां इन्स्टाग्रामनें तें वाटणें अधिकच वाढविलें, असें त्या पाहणींतील शेंकडा ३२ किशोरवयीन मुलींनीं सांगितल्याची नोंद त्यांत होती. आरशापुढें उभ्या असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या मनांत काय चाललें आहे तें घरांतल्यांना दिसत नाहीं. ती मुकाट्यानें ताटावरून उठते, एवढेंच दिसतें.

दुसरी गोष्ट प्रतीक्षा. पूर्वीं पत्र टाकल्यावर आठ दिवस उत्तर आलें नाहीं तरी कोणाचें बिनसत नसे. टपालाला वेळ लागतो हें सर्वांना ठाऊक असे. नोव्हेंबर २०१४ मध्यें व्हॉट्सॲपनें निळ्या खुणांची सोय केली. निरोप वाचला गेला कीं पाठविणाऱ्याला दोन निळ्या खुणा दिसूं लागल्या, आणि तेव्हांपासून वाचलें पण उत्तर दिलें नाहीं असा एक नवाच अपराध जन्मास आला. पुण्याला रात्रीं नऊ वाजतां एखादी आई न्यू जर्सींतील मुलाला निरोप पाठविते. तेथें सकाळ असते; मुलगा कामावर जाण्याच्या घाईंत तो वाचतो आणि उत्तर मागाहून देऊं म्हणून मोबाईल खिशांत टाकतो. इकडे खुणा निळ्या होतात. आई दहा वाजतां पाहते, अकरा वाजतां पाहते, बारा वाजतां पुन्हा उठून पाहते. सून रागावली असेल काय, आपलें कांहीं चुकलें काय, मुलाची प्रकृति तर बरी आहे ना, अशा विचारांत तिची रात्र जाते. मुलानें आईवर कोणताहि अन्याय केलेला नसतो, आणि आईनेंहि अवास्तव असें कांहीं मागितलेलें नसतें. दोन निळ्या रेघांनीं मात्र दोघांच्यामध्यें एक संशय उभा केलेला असतो. या खुणा बंद ठेवण्याची सोय त्याच साधनांत आहे. ज्या घरांत अशी टोंचणी लागत असेल त्या घरानें ती सोय अवश्य वापरावी, आणि आठवड्यांतून एक वार व एक वेळ ठरवून घेऊन समोरासमोर बोलावें. ठरलेल्या वेळेची वाट पाहण्यांत आनंद असतो. केव्हांहि येऊं शकणाऱ्या उत्तराची वाट पाहण्यांत तो नसतो.

तिसरी गोष्ट भय, आणि भयाच्या पाठोपाठ येणारा संताप. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा या गांवीं बाजाराच्या दिवशीं आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच जणांना जमावानें मारून टाकलें. ते भिक्षेवर उदरनिर्वाह करणारे निरपराध लोक होते. मुलें पळविणाऱ्या टोळ्या हिंडत आहेत अशा अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून सर्वत्र पसरल्या होत्या, आणि अनोळखी माणसें दिसतांच लोकांच्या मनांत सांठलेलें भय त्यांच्यावर जाऊन आदळलें. याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें धाडतां येऊं नये असें बंधन घातलें. ती अफवा पुढें धाडणाऱ्यांपैकीं पुष्कळांचा हेतु दुष्ट नसेल. शेजाऱ्यांचीं मुलें सुखरूप राहावींत असेंच त्यांना वाटलें असेल. पण भ्यालेल्या मनाला चौकशी करण्यास उसंत नसते.

सुदैवानें प्रत्येक अफवेचा शेवट राईनपाड्यासारखा होत नाहीं. परंतु तेंच भय थोड्या थोड्या मात्रेनें रोज घरांत येत असतें. अमुक भाजींत विष आहे, अमुक औषधानें हृदय बंद पडतें, अमुक लोक आपल्यावर उठणार आहेत, असे निरोप सकाळच्या चहाबरोबर वाचणाऱ्या गृहस्थाचा दिवस कसा जाणार? एकाची मनःस्थिति दुसऱ्यास लागते हें तर अनुभवाचेंच आहे. जानेवारी २०१२ मध्यें फेसबुकनें ६,८९,००३ माणसांवर एक प्रयोग केला आणि तो २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं जणांच्या पानावरील आनंदी मजकूर एक आठवडाभर कमी केला, कांहींच्या पानावरील दुःखी मजकूर कमी केला. ज्यांना आनंदाचें कमी दिसलें त्यांच्या स्वतःच्या लिखाणांतहि आनंद किंचित् कमी झाला. परिणाम अगदीं लहान होता. पण त्या लाखों माणसांना आपल्यावर असा प्रयोग चालू आहे याची वार्ताहि नव्हती. माणूस दुपारीं उगाच उदास होतो आणि त्याचें कारण ऑफिसांत किंवा घरांत शोधूं लागतो. तें कित्येकदां सकाळीं पाहिलेल्या पानांत असतें.

येथें न्यायबुद्धीनें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, हा अपाय किती मोठा याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. ऑक्सफर्ड विद्यापीठांतील एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनीं २०१९ सालीं किशोरवयीन मुलांविषयींची मोठी माहिती तपासली, तेव्हां या साधनांचा वापर आणि मनाचें स्वास्थ्य यांतील संबंध फारच लहान असल्याचें त्यांना आढळलें. उलट, अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठानें २०१८ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग असा आहे. १४३ विद्यार्थ्यांपैकीं कांहींना फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट हीं तीन साधनें प्रत्येकीं दिवसाला फक्त १० मिनिटें वापरण्यास सांगितलें. बाकीच्यांनीं नेहमींप्रमाणें वापरलीं. तीन आठवड्यांनंतर मर्यादा पाळणाऱ्यांचा एकटेपणा आणि खिन्नता दुसऱ्यांच्या मानानें कमी झालेली दिसली. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर त्यांत विरोध दिसत नाहीं. मिठासारखेंच हें आहे. सर्वांना तें सारखें बाधत नाहीं. पण ज्याला बाधतें त्याला तें मोजूनच घ्यावें लागतें. त्या प्रयोगांत कोणाला संपूर्ण बंदी नव्हती हें विशेष ध्यानांत घेण्यासारखें आहे. शेवट तेवढा ठरवून दिला होता.

असा शेवट एका सबंध गांवानें ठरवून घेतल्याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. सांगली जिल्ह्यांत मोहित्यांचें वडगांव नांवाचें सुमारें तीन हजार वस्तीचें गांव आहे. टाळेबंदींत शाळेचा अभ्यास मोबाईलवर आला, तेव्हां मुलांच्या हातीं मोबाईल द्यावा लागला. शाळा पुन्हा सुरू झाल्या, पण मुलांच्या हातचा मोबाईल सुटेना. मुलें वाचण्या-लिहिण्याचा कंटाळा करतात, शाळेच्या आधीं आणि नंतर पडद्यासमोरच बसतात, असें शिक्षकांच्या ध्यानांत आलें. मोठीं माणसेंहि एकमेकांशीं बोलतनाशीं झालीं होतीं. ऑगस्ट २०२२ मध्यें स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकारानें गांवानें ठराव केला. सायंकाळीं सात वाजतां देवळावरचा भोंगा वाजे, आणि घरोघरींचे मोबाईल व दूरदर्शनसंच बंद होत. साडेआठ वाजतां भोंगा पुन्हा वाजे, तोंपर्यंत मुलें अभ्यास करीत आणि मोठीं माणसें वाचीत किंवा बोलत बसत. आरंभीं लोकांना हें रुचलें नाहीं. तेव्हां अंगणवाडीच्या सेविका, ग्रामपंचायतीचे नोकर आणि निवृत्त शिक्षक घरोघर हिंडून समजूत घालीत.

या उदाहरणांत शिकण्यासारखें काय आहे? दीड तास हा कांहीं फार मोठा काळ नव्हे. परंतु तो सर्वांनीं एकाच वेळीं पाळावयाचा होता, यांत त्या योजनेचें मर्म आहे. एकट्यानें मोबाईल बंद केला तर आपल्यामागें जगांत काय चाललें असेल ही हुरहुर त्याला लागते. शेजारपाजार सर्वच थांबला तर हुरहुर लागण्यास कारण उरत नाहीं. दुसरें असें कीं, तेथें बापाचा मोबाईलहि मुलाच्या मोबाईलबरोबरच बंद होत होता. स्वतः पडद्यावर नजर ठेवून 'अभ्यास कर' म्हणणाऱ्या वडिलांचा उपदेश मुलाच्या कानांवर पडतो, पण मनापर्यंत जात नाहीं.

शहरांतील घराला देवळावरचा भोंगा मिळणार नाहीं; परंतु प्रत्येक घराला स्वतःची एक वेळ ठरवितां येते. ज्या घरांत पूर्वीं दिवेलागणीला मुलें शुभंकरोति म्हणत आणि मोठीं माणसें हातांतलें काम क्षणभर थांबवीत, त्या घरांना ही कल्पना मुळींच नवीन नाहीं. सायंकाळचा एक तास, किंवा तो न जमल्यास रात्रीच्या जेवणाची वेळ, सर्वांनीं मिळून ठरवावी. त्या वेळीं सर्वांचे मोबाईल एका ठिकाणीं, दृष्टीआड ठेवावेत. आजोबांचाहि आणि पाहुण्यांचाहि. पहिले चार-पांच दिवस घरांत चमत्कारिक शांतता पसरेल. मग कोणीतरी बोलूं लागेल.

याखेरीज प्रत्येकानें आपल्यापुरते कांहीं नियम करावेत. समाजमाध्यमें टपालासारखीं वापरावींत. दिवसांतून दोन किंवा तीन ठरलेल्या वेळीं उघडावींत आणि ठरलेल्या मिनिटांनीं मिटावींत. कोठें किती वेळ गेला याचा हिशेब दाखविण्याची सोय २०१८ पासून बहुतेक मोबाईलमध्यें आली आहे. महिन्याचा जमाखर्च लिहिणाऱ्या गृहिणीनें आणि गृहस्थानें आठवड्यांतून एकदां हाहि हिशेब पाहावा. वेळोवेळीं वाजणाऱ्या सूचना बंद कराव्यात. ज्याला खरोखरीचें निकडीचें काम असेल तो फोन करीलच. सोसायटीचा, शाळेच्या जुन्या सोबत्यांचा आणि नातलगांचा असे ग्रुप सोडणें जड जातें, पण ते न सोडतां त्यांचा आवाज बंद ठेवतां येतो, आणि त्यामुळें कोणाचा अपमान होत नाहीं. निजावयाच्या खोलींत मोबाईल नेऊं नये. त्याला विजेची जोडणी दिवाणखान्यांत द्यावी, आणि गजरासाठीं एक साधें घड्याळ विकत आणावें. झोंप ही मनाची पहिली औषधि आहे. तिच्या उशाशीं सारें जग आणून ठेवणें शहाणपणाचें नाहीं.

रागावलेल्या स्थितींत उत्तर लिहूं नये. लिहिलेंच तर पाठवूं नये, सकाळपर्यंत ठेवावें. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टांकीवरून सुरू झालेला वाद तासाभरांत एकमेकांच्या आईबापांपर्यंत जातो, आणि मग जिन्यांत समोरासमोर आल्यावर दोन भले शेजारी माना फिरवितात. हाच वाद जिन्यांत झाला असता तर समोरच्याचा उतरलेला चेहरा पाहून कोणीतरी आवाज खालीं आणला असता. भय उत्पन्न करणारा निरोप आला तर तीन प्रश्न विचारावेत. हा मूळ कोणी लिहिला? केव्हांचा आहे? वर्तमानपत्रांत किंवा सरकारी सूचनेंत याला आधार आहे काय? तिन्हींचें उत्तर मिळेपर्यंत तो आपल्या घरांतच थांबूं द्यावा. आणि ज्या माणसाचें किंवा संस्थेचें पान पाहून झाल्यावर मन प्रत्येक वेळीं कडू होतें, तें पान पाहणें सोडावें. मोबाईल मिटल्यावर मन उघडल्यावेळेपेक्षां बरें आहे कीं वाईट, एवढा एकच प्रश्न आठ दिवस स्वतःला विचारला, तर काय ठेवावें आणि काय सोडावें हें दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज पडत नाहीं.

मुलांच्या बाबतींत सरकारेंहि आतां लक्ष घालूं लागलीं आहेत. ऑस्ट्रेलियांत १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खातें ठेवूं देऊं नये असा कायदा १० डिसेंबर २०२५ पासून अंमलांत आला. परंतु कायद्याहून घरांतल्या विश्वासाची मुलाला अधिक गरज असते. एखाद्या मुलीचें छायाचित्र विकृत करून कोणी वर्गांत फिरविलें, किंवा एखाद्या मुलाची ग्रुपवर थट्टा चालली, तर त्यानें प्रथम घरीं यावें असें वाटत असल्यास, 'मोबाईल काढून घेऊं' ही धमकी त्या घरांत असतां कामा नये. या धमकीच्या भयानेंच मुलें गप्प राहतात. आपला दोष नाहीं, घरचीं माणसें आपल्या बाजूचीं आहेत आणि पुरावा राखून तक्रार करतां येते, हें मुलाला आधींच सांगून ठेवलेलें असावें.

वृद्धांच्या बाबतींतहि अशीच समजूत हवी. सारा दिवस मोबाईल पाहत बसतात म्हणून आजी-आजोबांची थट्टा करणें सोपें आहे. पण घरांत दुसरें कोणी बोलावयास नसलें तर त्यांनीं करावें काय? त्यांच्या हातून मोबाईल खालीं ठेववावयाचा असेल, तर त्यांच्याशेजारीं अर्धा तास बसणें हा एकच मार्ग आहे.

कांहीं वेळां मात्र घरगुती उपाय पुरे पडत नाहींत. दोन आठवडे होऊन गेले तरी झोंप येत नाहीं, अन्न गोड लागत नाहीं, कामांत मन लागत नाहीं, माणूस कोणाशीं बोलत नाहीं, किंवा आपण नसतों तर बरें झालें असतें असे शब्द त्याच्या तोंडून निघतात, अशा वेळीं त्याला उपदेश करीत बसूं नये, डॉक्टरांकडे न्यावें. यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेनें २०१४ सालींच अशा साधनांच्या अतिरेकानें पीडलेल्यांसाठीं स्वतंत्र विभाग उघडला. भारत सरकारची टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा किंवा रात्रीं केव्हांहि विनामूल्य बोलतां येतें आणि मराठींतहि बोलतां येतें. हा क्रमांक ज्या कागदावर घरांतील डॉक्टरांचे व नातलगांचे क्रमांक लिहिलेले असतात त्याच कागदावर लिहून ठेवावा.

मनाला आवर घालण्याचा विचार मराठी माणसाला परका नाहीं. समर्थ रामदासांनीं मनालाच उद्देशून दोनशें पांच श्लोक रचिले, आणि ते पिढ्यान् पिढ्या मुलांकडून पाठ करून घेतले गेले. त्या काळीं मोबाईल नव्हता, तरीहि मन धांवतच होतें. फरक इतकाच कीं, पूर्वीं मन स्वतःच्या ओढीनें धांवे. आतां त्याला धांवविणारे पगारी लोक आहेत आणि ते आपल्या कामांत निष्णात आहेत. म्हणून केवळ निश्चयावर विसंबून चालत नाहीं. घड्याळ, ठरलेली वेळ, बंद केलेली सूचना आणि घरांतल्या माणसांची साथ यांचीहि मदत घ्यावी लागते. ज्या घराला हें पटेल त्यानें सारे नियम एकदम लागू करण्याच्या भरीस पडूं नये. आज रात्रीं जेवणाच्या वेळीं सर्वांचे मोबाईल दुसऱ्या खोलींत ठेवावेत आणि उद्यांहि तसेंच करावें. एवढें महिनाभर पाळलें गेलें, तर पुढचा नियम कोणता करावयाचा हें त्या जेवणाच्या बोलण्यांतूनच निघेल.